समोरच्या घरातली किल्ली

मी, खाली सही करणारा, बोटींच्या इंजिनांचा निवृत्त मिस्त्री, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दबावाखाली मी आजवर काहीही केलेलं नाही, हे अख्खी गल्ली सांगेल, आणि वैतागून सांगेल.

कलम एक. समुद्राकडचं माझं दुमजली घर मी गल्लीच्या रहिवासी मंडळाला देत आहे. पुतण्याच्या मनात ते हॉटेलवाल्याला विकायचं आहे. पोरगा वाईट नाही. पण भरतीचं पाणी गल्लीत शिरलं की बसक्या घरांतल्या म्हाताऱ्यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. त्यांची सोय माझ्या माडीवर करावी. घर कधीही विकू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक पुतण्याची. त्याने रुसू नये, सुट्टीत यावं. माडीवरची त्याची खाट कोणी हलवायची नाही.

कलम तीन. माझी हत्यारं मंडळाच्या पाणी उपसायच्या पंपासाठी. पाना लावताना हिसका मारायचा नसतो, हे मंडळाच्या अध्यक्षांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता कायदेशीर लिहून ठेवतो.

कलम चार, भिंतीबद्दल. समोर राहणाऱ्या शिंपीणबाई मंडळाच्या चिटणीस असताना त्यांनी समुद्राची भिंत उंच करून घेतली आणि माझ्या खालच्या खिडकीतला समुद्र गेला. तेव्हापासून मी त्यांच्याशी अबोला धरला. पण मंडळाचा नियम असा, की प्रत्येक घराची दुसरी किल्ली समोरच्या घरात राहते, मग तिथे मैत्री असो वा वैर. त्यामुळे माझी किल्ली त्यांच्याच खुंटीवर राहिली. पुढे एका वादळात पाणी भिंतीवरून आत आलं. मी गोदीत अडकलेलो, घरात माझी बायको एकटी, अंथरुणाला खिळलेली. शिंपीणबाईंनी कुलूप उघडलं, तिला पाठीवर घेऊन माडीवर नेलं आणि मी येईपर्यंत तिचा हात धरून बसल्या. त्यानंतरची आमची वर्षं फार सुखाची गेली. ती मला या बाईंनी दिली, हे तोंडाने त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

भिंतीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. तिला आतून पायऱ्या बांधाव्या, म्हणजे माणसाला वर बसून समुद्र बघता येईल.

कलम पाच. बायकोचा उभा आरसा शिंपीणबाईंना द्यायचा होता, गिऱ्हाइकांना उपयोगी पडेल म्हणून. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मला तर दोन्ही हवं होतं. शेवटी काल समोरचं दार वाजवलं आणि त्यांनाच विचारलं, आरसा घ्याल की साक्ष द्याल? त्या काम बाजूला ठेवून म्हणाल्या, "आरसा राहू द्या जागच्या जागी. सही कुठे करायची ते सांगा."

इतक्या वर्षांतलं आमचं हे पहिलं बोलणं. सबब हे कलम रद्द समजावं. आरसा माडीवरच राहील.

स्थळ: माझ्या घराची माडी.
दिनांक: मंडळाच्या वार्षिक सभेचा दिवस, सकाळी.

सही: मिस्त्री

साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधवाले

साक्षीदार: समोरची शिंपीण. सगळं वाचून सही केली. पायऱ्यांचा ठराव आजच्या सभेत मांडते. त्या बांधून होईपर्यंत मिस्त्रींनी कुठेही जायचं नाही. किल्ली माझ्याकडे आहे.