कामावर असलेल्या माशाचा फोटो

अप्पा, तुमचा सकर अजून आहे. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा तो काळा, खडबडीत मासा. तुम्ही गेलात त्या वर्षी आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता माझ्या कोपरापर्यंतच्या हाताएवढा झालाय. तुमच्या टाकीतला तो एकटाच उरला. हल्ली तळाशी पडून असतो, पोट आत गेलंय. माशांचा दुकानदार म्हणाला, "वय झालं की साहेब, औषध कशाला?" हे वाक्य मी आजकाल स्वतःबद्दलही ऐकतो, म्हणून वाद घातला नाही. अव्वा मात्र म्हणाली, "ह्येचा येक फोटो काढ की रे. त्येंच्या हातचा ह्योच राहिलाय." मीही तिच्या पोटचा, तुमच्याच हातचा आहे, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

फोटो म्हटलं की मला रविवारची दुपार दिसते. आठवडाभर चादर कारखान्यातले माग दुरुस्त करून दमलेला जॉबर खिडक्या लावून घेतो, टाकीवरचा दिवा तेवढा ठेवतो, आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून डोक्यावरून चादर घेऊन उकिडवा बसतो. पहिला रोल धुऊन आला तर प्रत्येक एंजल माशाच्या अंगावर मोर. चादरीवरचे! तुम्ही शांतपणे चादर उलटी केलीत. जन्मभर सोलापुरी चादरीत राबलेल्या माणसानं विसरावं, की तिला उलटी बाजूच नसते? दुसऱ्या रोलमध्ये तेच मोर, फक्त रंग बदलून. मग अव्वाचं काळं घोंगडं आलं. स्टुडिओवाले चाचा पाकीट देताना म्हणायचे, "क्या जॉबरसाब, घरमें बच्चे नै क्या? पूरा रोल मच्छीच मच्छी!" तुम्ही म्हणायचात, "आहेत की. पण ती टाकीत राहत न्हाईत." आणि नळाला चार दिवसांनी पाणी यायचं तेव्हा अव्वा बादल्या मोजत ओरडायची, "माणसांना न्हाय आन् माशांना आंघोळी!" नळाचं अजून तसंच आहे. त्यावर मी पेपरात इतकं खवचट लिहिलं, की नगरसेवकानं घरी येऊन माझं अभिनंदन केलं.

एकदा मासा वळावा म्हणून मी काचेवर टिचकी मारली. घोंगड्याच्या आतून तुमचा आवाज आला, "तू काय शेठ हाईस? त्याला यायचं तवा येईल." तुम्ही काचेला लेन्स टेकवून तसेच बसून राहिलात. गोगलगायीचेसुद्धा फोटो काढलेत, काचेवरच्या तिच्या अंड्यांचेही. सकरचा मात्र एकही नाही. विचारलं तर म्हणालात, "तो कामावर हाय. कामावरच्या माणसाला पोझ द्यायला लावू नये." तुमच्या शेठनं दिवाळीला साऱ्या कामगारांना मागापुढं उभं करून फोटो काढवला होता, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आता तो कामावरून सुटलाय, म्हणून काढायला हरकत नव्हती. पंखा, दिवे बंद केले, काळा शर्ट घातला, मोबाईल काचेला टेकवला. टिचकी मारली नाही. पहिल्याच झटक्यात फोटो लख्ख आला, मिशीसारखे तोंडाजवळचे दोन धागेसुद्धा स्पष्ट. इतका चांगला फोटो तुम्हालाही जमला नसता, कारण तुमचे मासे पळायचे.

तो फोटो मी अव्वाला दाखवलेला नाही. तिला आता टाकीपर्यंत चालवत नाही, ती पलंगावरूनच विचारते, "आला का रे?" पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "न्हाय गं, हलला." तिचा चेहरा असा काही फुलला, "हलतोय न्हवं? मग आजून हाय की!" तेव्हापासून रोज संध्याकाळी मी टाकीपुढं बसून येतो आणि तेच सांगतो.

हे पत्र मी फाडणार आहे, अप्पा. घरात राहिलं तर कुणीतरी तिला वाचून दाखवेल. आजही हलला म्हणूनच सांगितलं. त्याचे फक्त कल्ले हलतात, तेही मी बराच वेळ थांबलो तर.