भरमूच्या गाडीत कोणतं तेल होतं

मी, जयाबाई यशवंत चौगुले, वय एकसष्ट, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी लिहायला लावलेलं नाही. घशाचा आजार आहे आणि बेळगावला ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर आवाज राहणार नाही. जीव राहील का, ते बोलले नाहीत. आत्ताच माझं बोलणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही. जे ओरडून सांगायचं होतं ते म्हणून लिहिते.

१. राहतं घर मुलगा विक्रम आणि मुलगी रचना यांचं, निम्मं-निम्मं. मधे भिंत घालू नये, न्हाणी एकच आहे.

२. गॅरेजची जागा माझ्या नावावर आहे, ती रचनाची. धनी गेले तेव्हा भावकी म्हणाली, बाईमाणसानं पाना धरू नये. मी धरला आणि पोरीच्याही हातात दिला. सगळी हत्यारं मात्र विक्रमची. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. एवढा चांगला हात असून त्याला जागा का देत नाही, ते कलम चारमध्ये आहे.

३. माझे दीर मारुतीराव यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. मी गॅरेजात नसताना कारच्या इंजिन ऑइलचं पिंप त्यांनीच स्वस्तात आणून टाकलं. मी हरकत घेतली तर हसून म्हणाले, "वहिनी, तेल ते तेल." पिंप परत नेलं नाही ते नाहीच.

४. बोरगावचा भरमू बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होता. सुट्टीला गावी यायचा आणि जाताना आमच्याकडे गाडी दाखवायचा. दिवाळीत त्याच्या गाडीला क्लचप्लेटा मी स्वतः नव्या घातल्या. जानेवारीत मी तपासणीसाठी बेळगावला गेले होते, तेव्हा विक्रमने त्याच्या गाडीचं तेल बदललं. मारुतीरावांच्या पिंपातलं घातलं.

वकिलांना कळावं म्हणून लिहिते. मोटारसायकलीचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारचा तसा नसतो. म्हणून कारच्या काही तेलांत घर्षण कमी करायचं औषध असतं. ते मोटारसायकलीत गेलं की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. इंजिन ओरडतं आणि चाकाला ताकद जात नाही. मोटारसायकलीच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए टू असं छापलेलं असतं. ते बघूनच तेल घ्यायचं, हे मी दोन्ही पोरांना शिकवलं होतं. त्या पिंपावर ते नव्हतं. मी विचारलं तेव्हा विक्रम म्हणाला, "आई, टेन डब्ल्यू थर्टी दोन्हीवर हाय की!" अरे, तो नंबर पातळ-घट्टपणाचा. क्लच धरेल का, ते तो सांगत नाही.

तेल बदलून भरमू बायकोला, सौम्याला, मागे बसवून निघाला. तवंदी घाटात उसाचा ट्रॅक्टर ओलांडायला त्याने गाडी बाजूला घेतली, मूठ पिळली. इंजिन नुसतं बोंबललं, गाडी पुढे सरकेना. मागून ट्रक आला. सौम्या जागीच गेली.

मोडकी गाडी आमच्याकडे आली. रचनाने इंजिन उघडलं. प्लेटा जाड होत्या, म्हणजे झिजलेल्या नव्हत्या, पण तेलाने काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या.

भरमूला वाटतं, क्लच त्याच्याच हातात अर्धा दाबलेला राहिला, म्हणून गाडीने ओढ घेतली नाही. सौम्याच्या माहेरचे दारात येऊन म्हणाले, "तूच मारलंस तिला." त्याने ते खरं धरलंय. काम सोडलं. जेवत नाही. विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतो, भाऊ उठवून आणतात. मी गेले होते. या फाटक्या घशाने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, मला बरं वाटावं म्हणून सांगालाय तुम्ही."

त्याला हे ज्याने तेल ओतलं त्यानेच सांगायला हवं. विक्रमच्या मी पाया पडले. आईने मुलाच्या! तो म्हणतो, "पोलीस धरतील, गॅरेज बंद पडंल. मेलेली परत येती व्हय?" मेलेली येत नाही रे, पण जिवंत आहे तो जायला निघालाय.

५. जागा देण्याची लालूच दाखवून विक्रमकडून हे वदवायचं नाही. विकत घेतलेलं खरं भरमूला लगेच कळेल. माझ्या हयातीत विक्रम बोलला नाही, तर रचनाने हे कागद भरमूच्या अंगणात, त्याच्या सासरच्या माणसांना बोलावून, मोठ्याने वाचावेत. दिवस घालायची वाट बघू नये. कुठली आई पोटच्या पोराविरुद्ध खोटं लिहून मरेल, एवढं तरी त्यांना पटेल. विक्रम, याने तुझं वाटोळं होईल हे मला समजतं. मी तुझी आई आहे आणि तरी लिहिते आहे. यापेक्षा मोठ्याने मला ओरडता येत नाही.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावलं, तोच विक्रम आला. त्याने कागद ओढून घेतले, उभ्यानेच वाचले. मग म्हणाला, "सही करू नको. मी जाऊन येतो." रचना त्याच्याबरोबर गेली. साक्षीदारांना मी थांबवून ठेवलं.

दिवस कलल्यावर दोघं आली. विक्रमचा शर्ट फाटला होता, गालावर वळ होते. रचनाने सांगितलं ते असं. विक्रमने सगळं कबूल केलं. भरमूने त्याला मारलं, दम लागेपर्यंत मारलं. विक्रमने हात वर केला नाही. मग भरमू खाली बसला आणि त्याने एकच विचारलं, "म्हंजे मी क्लच सोडलेला व्हय, विक्रम?"

"सोडलेलास, दादा. पुरता सोडलेलास."

तेव्हा तो तिचं नाव घेऊन रडला. सौम्या गेल्यापासून पहिल्यांदा, असं त्याचे भाऊ म्हणाले.

विक्रम उद्या पोलिसांत जातो म्हणाला आहे. मी एकही शब्द खोडत नाही. वर लिहिलं आहे तसंच राहू द्यावं.

जयाबाई यशवंत चौगुले (सही)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
नीला शरद कुलकर्णी, निवृत्त शिक्षिका, निपाणी (सही)
रवळू सातेरी पाटील, शेजारी, निपाणी (सही)

ठिकाण: निपाणी
तारीख: १९ फेब्रुवारी २०२५