साळूमावशीचं तिकीट

रवि. ८ नोव्हेंबर १९७०, श्रीरामपूर
हंगामाचा सण, नव्या पिकातला वाटा प्रभू येशूला. देवळात भोपळे, बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, एक बकरं. उपासना संपल्यावर नेहमीप्रमाणे अर्पणांचा लिलाव झाला. साळूमावशी दर वर्षी अंडी देते. यंदा तिच्या कोंबड्या रोगाने गेल्या, म्हणून तिने काय ठेवावं, तर लॉटरीचं तिकीट. कुण्या गिऱ्हाइकाने अंड्यांच्या पैशांऐवजी हातावर ठेवलेलं. लोक हसले. पाळकसाहेबांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला. देवळात जुगार नको, पण विधवेचं दान परतवणार कसं? बोली कुणी बोलेना, मावशी खाली मान घालून बसलेली. शेवटी ह्यांनीच दोन रुपये म्हटलं. येताना मी बोललेच, तेवढ्यात भोपळा आला असता. हे म्हणाले, "मावशीची मान वर आली ना?" पगार कंपाउंडरचा आणि मन इनामदाराचं.

बुध. २५ नोव्हें.
तिकिटाला दहा हजार लागले. ह्यांनी पेपरातला नंबर चारदा ताडून पाहिला, मग मला पाहायला लावला. माझा पहिला विचार, आपलं घर. तेरा वर्षं झाली, भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. ह्यांचा पहिला विचार, "मावशीला सांगायला हवं." माणूस चांगला आहे, पण फार लवकर चांगला होतो.

शुक्र. २७
मावशीला बोलावलं. मिशनच्या बोर्डिंगात ही कामाला होती, लहानपणी माझ्या वेण्या हिनंच घातल्या. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हिचंच अंगण. तिकिटामागे नाव-पत्ता लिहून महिन्याभरात मुंबईला धाडायचं असतं. हे म्हणाले, तुझंच नाव घालू, अंगठा दे. तिने हात पदराखाली घेतला.
"देवाला दिल्यालं माघारी घिऊ व्हय मी? उंद्या वर गेल्यावर काय तोंड दावू?"
हे गयावया करत राहिले. मला आनंद झाला. इथे तरी खरं लिहिते, आनंद झाला.

मंगळ. १ डिसें.
गूळ तिथे मुंगळे. विमावाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा आमच्या म्हातारपणाची काळजी, दुसऱ्यांदा आमच्या मरणाची. रेडिओवाला रेडिओ ठेवूनच गेला, "आठ दिवस ऐका तर खरं, पैशाचं कोण बोलतंय?" पुणतांब्याचे चुलतसासरे अकरा वर्षांनी पेरू घेऊन आले. विहिरीत भागी घ्या म्हणतात. पाळकसाहेब जुगाराचं विसरले, देवळाच्या गळक्या छपराविषयी बोलले. तिकीटविक्याला दुकानात लावायला आमचा हार घातलेला फोटो हवा. म्हटलं, तसला फोटो आमच्याकडे माणूस गेल्यावर लावतात. चहापायी साखरेचा डबा रिकामा.
मावशी चार दिवस फिरकली नाही.

रवि. ६
मावशी देवळात मागच्या बाजूला बसली. आशीर्वाद होताच चालू लागली, मला सलामसुद्धा नाही. बायकांत कुजबुज. एकीचं म्हणणं, म्हातारीला दोन रुपयांत गुंडाळलं. दुसरीचं, आता बघा, म्हातारी कशी मास्तरणीच्या, म्हणजे माझ्या, दाराशी खेपा घालते ते. दोन्ही मला ऐकू येईल असंच. जेवण गेलं नाही. ह्यांनी माझा उरलेला भात गुपचूप आपल्या ताटात घेतला.
तिकीट बायबलात आहे. मागची बाजू कोरी. पेन घेऊन बसते आणि ठेवून देते. आपलं नाव लिहायला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

शनि. १२
शाळा सुटल्यावर तडक मावशीकडे. अंगण सारवत होती. उठली नाही.
"येत का नाहीस?"
"काय सांगू, पोरी. तुज्या दारात पाय ठिवला की लोक म्हनत्याल, पैशाच्या वासानं आली."
म्हटलं, फाडून टाकते ते तिकीट. खरंच फाडलं असतं.
"फाडू नगंस. तुज्या नवऱ्यानं माजी लाज राखाया घेतलं हुतं ते."
मग मला रडूच आलं. चाळिशीची बाई, अंगणात उभी राहून रडतेय. ती डोळे पुसायला उठली, पण हात शेणाचे, तशीच उभी राहिली. तेव्हा मनात कधी नव्हतं ते तोंडून गेलं. घर झालं तर एक खोली तुझी. पैसे घेऊ नकोस, राहायला ये. ह्यांना विचारलंही नव्हतं.
परत खाली बसून सारवू लागली. कोपरा पुरा केला, मग म्हणाली, "दार कुन्या अंगाला असंल?"
"तू म्हणशील त्या."
"बगू. आदी नवऱ्याला तर इचार."
हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि मला सोडायला सडकेपर्यंत आली, सगळ्या आळीदेखत.