ढालीवरची कवटी

प्रिय हेस्टर,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. फाडू नकोस, आधी वाच.

तुझे बाबा गेल्याचं तुला वर्तमानपत्रातूनच कळलं असणार. तुझा भाऊ लायोनेल फ्लँडर्सच्या लढाईत पडला तेव्हाच थॉर्नमिअरची उमरावकी संपल्यात जमा होती. मुलींना ती मिळत नाही. रिवाजाप्रमाणे दारावर लावायची शोकाची फळी रंगवायला मी म्हाताऱ्या प्यूला बोलावलं. घराण्याचं चिन्ह म्हणून निळ्या ढालीवर आपले तीन बगळे, बाबांच्या बाजूला मागे काळा रंग, माझ्या बाजूला पांढरा, कारण मी अजून आहे. त्याने विचारलं, "ढालीच्या डोक्यावर नेहमीचा बगळाच ना, बाईसाहेब?"

मी म्हटलं, बगळा नको, कवटी काढा.

तो ब्रश पुसत राहिला. "कवटी म्हणजे घराण्याच्या रक्ताचं मागे कुणीच उरलं नाही. आपल्या हेस्टरताई आहेत की!"

"गेली ती," मी म्हटलं. चहात साखर किती ते सांगावं, इतक्या सहज. बिचाऱ्याने टोपी काढली. "लहानपणी माझ्या रंगात बोटं बुडवायच्या हो," म्हणाला आणि रडला. तरीही मी त्याला कवटीच काढू दिली.

का? बगळा दिसला असता तर लोकांनी विचारलं असतं, मुलगी कुठे असते? उमरावाची लेक लडलो गावी खाटीक नवऱ्याच्या दुकानात सॉसेजं तोलते, हे सांगायची मला लाज वाटली. आता आरशात बघायची वाटते.

वर्ष भरलं. येत्या रविवारी ती फळी चर्चच्या भिंतीवर चढेल आणि आपण सगळे मातीत गेल्यावरही तिथेच राहील. म्हणून काल प्यूकडे जाऊन खरं सांगितलं, कवटी पुसून बगळा काढा म्हणून विनवलं. एवढा मऊ माणूस, पण कडाडला. "तुमच्या शब्दावर एकदा जित्या माणसाला मारलं मी, बाईसाहेब. आता तुमच्या शब्दावर ब्रश उचलणार नाही. ताईंना आणा. डोळ्यांनी बघेन, मगच."

त्याचं चुकलं नाही. शनिवारी दुपारी तो घरी येणार आहे. तू ये, हेस्टर. दुकानातल्या एप्रनवरच आलीस तरी चालेल. त्याच्यासमोर क्षणभर उभी राहा, हवं तर माझ्याशी एक अक्षर बोलू नकोस. तुला मेली म्हटल्यापासून मला धड झोप नाही. मलाही तुला डोळ्यांनी बघायचं आहे.

तुझीच, म्हणू देशील तर,
आई