माहेरचा गणपती

पेण

दिपे,

तुझं लग्न झाल्यापासून दरवर्षी तुझ्या घरचा गणपती मीच घडवून पाठवते. गेल्या वर्षी तुझ्या निकेशरावांनी पूजेआधी त्याच मूर्तीवरून रबराचा साचा काढला आणि रोह्यात कारखाना टाकला. हे मला बाजारात कळलं, तुझ्याकडून नाही.

काल नागोठण्याचा व्यापारी आला आणि माझ्या मूर्ती बघून हसला. "ताई, तुमीपण रोह्याची नक्कल करायला लागलात व्हय? तिकडं स्वस्त हाय." टेम्पो रिकामाच परत नेला. रंगकामाची सगुणा विचारते, "उद्यापास्नं येऊ का नको गो?" मी तिला काय सांगू?

आणि आज तुझा फोन. "माई, शेडभर गणपती हायत, पन मखरात तुझ्याच हातचा बसवायचा. साच्यातला नको वाटतो." संताप आला, तरी तोंडून 'हो' निघालं.

ती मूर्ती आता समोर आहे, ओली. नवा चेहरा साधलाय, आधीपेक्षा गोड. माझा कारखाना वाचला तर याच चेहऱ्यावर वाचेल. हाही गेला तर माझ्याकडे काही उरत नाही.

निकेशरावांना मूर्तीजवळ एकटं सोडू नकोस, हे तुला लिहिताना लाज वाटते. म्हणून हे पत्र टाकणार नाही. मूर्ती घेऊन मीच येईन आणि प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तिच्याशेजारी बसेन. त्यांनी विचारलं तर म्हणेन, दिपीची आठवण आली.

तेही खोटं नाही.

तुझी,
माई