बांगडीच्या मापाची चेन

आबा, आधी नातीच्या कोच मॅडमचा सायकल मिस्त्री आला. मॅडम मागून, उसाच्या ट्रॉलीमागं अडकल्या म्हणे. मला तिथंच शंका आली. चहा नको, पाणी नको, आल्या आल्या पोरीची सायकल उलटी करणारा माणूस कसल्या घाईत असतो? हो, तुमची पणती शर्यतीची सायकल चालवते! गिअर नाही, चाक फिरलं की पायडल फिरणारच. बोरीच्या रस्त्यानं सुटली की बायका हातातलं खुरपं ठेवून बघतात. वेगात चेन उतरली तर मात्र पोर थेट डांबरावर. मॅडम आल्या होत्या तिला पुण्याच्या शिबिरात घ्यायचं का ते ठरवायला.

मिस्त्रीनं जुनी जाड चेन काढली ती गुपचूप स्वतःच्या पिशवीत. नवी काढली ती बारीक. चौथीनंतर तुमच्या जुन्नरच्या सायकलच्या दुकानात मी दुसरं शिकले काय? घरातून तुमची तंबाखूची डबी आणली. आईच्या वाढवलेल्या बांगडीचा हिरवा तुकडा अजून आहे तिच्यात. तुकडा कडीत गेला तर चेन जाड, नाही गेला तर बारीक. आकडे वाचायलाच नकोत. मी सगळ्यांसमोर लावून पाहिला. जाईना.

"राव, ही तर गिअरची चेन. चांगली काढून न्हेता व्हय? म्हातारीला दिसत न्हाई वाटलं?"

"आजी, जुनी ताणलीय. अन् आधी दात तरी बघा चक्राचे."

"दात बघाया मी काय बैल घेतीया?"

मॅडम हसल्या, पण पुरत्या नाही. मिस्त्रीनं जुनी चेन परत चढवली. "रविवारी येतो," मॅडम म्हणाल्या, "दोन्ही चेन लावून आजींना दाखवू, मग हिची फेरी बघू." गाडी वळली तशी नात म्हणाली, "आज्जे, आता कशाला येत्यात ते!" आणि जेवलीच नाही.

आता ती शाळेत आहे, सायकल ओट्यावर. मी तुकडा दाताला चिकटवून धरते, वरून नख फिरवते. नख तुकड्याच्या कडेला अडकतं, तुकडा दातापेक्षा जाड. दात बारीक आहे, आबा. पुढच्या चक्राचाही, मागच्याचाही. अशा दाताला जाड चेन चालते, पण खडखडते, डुलते. मिस्त्रीचीच बरोबर होती. आणि मी एकदम तुमच्या दुकानात उभी आहे. पुण्याच्या पोरांची गिअरची सायकल आलीय, मी ऐटीत भिंतीवरची जाड चेन काढून दिलीय, ती अडकलीय, पोरं हसतायत. तुम्ही बांगडीचा तुकडा माझ्या हातातून काढून घेता. "आधी दात माप, पोरी. चेन काय, भिंतीवर पन्नास टांगल्यात." दिवसभर मला नुसते दात पुसायला बसवलंत. मी रुसून पुसत राहिले. पोरांचं हसणं एवढी वर्षं लक्षात ठेवलं, तुमचं बोलणं नाही.

हा कागद डबीतच ठेवते, तुकड्याखाली. आज शुक्रवार. चूक माझी होती हे नातीला अजून सांगितलेलं नाही. पाहुणे रविवारी यायचेत.