चोरखिसा

ता. ११, रविवार

चिरंजीव जावईबापूंना आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही खुशाल असाल. फोनवरच बोललो असतो, पण मी बोलायला लागलो की तुमच्याकडे नेमका आवाज तुटतो. कागद तुटत नाही, म्हणून लिहितो. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

इकडे माझे गुडघे धरलेत. शिलाई मशीनचा पट्टा सारखा निसटतो. दुकानापुढे गटार खणून ठेवलंय, गिऱ्हाईक येतं ते शिव्या देतच येतं. बाळ बसायला लागलं. बसतं, लवंडतं आणि आपणच हसतं. मधे खोकत होतं. हल्ली ते नुसतं शिंकलं तरी मी मशीन सोडून बघायला उठतो.

बबडीचं ठीक आहे. म्हणजे जेवते.

पुढच्या महिन्यात तुम्ही बबडीला आणि बाळाला न्यायला येताय असा निरोप मिळाला. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी दुसरं सांगतो.

दवाखान्यात दर बुधवारी सिस्टर कोवळ्या वयाच्या आयांना एकत्र बसवते. सगळ्या आपल्या बबडीएवढ्या, सोळा-सतराच्या. बरोबर आलेले पुरुष बाहेर बाकावर बसतात. मला मात्र म्हातारा म्हणून आत घेतात आणि मांडीवर दोन-दोन पोरं ठेवतात. त्या दिवशी एचआयव्हीचा विषय होता. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, कान झाका बरं!" मी म्हटलं, "एक कान तुझ्या लेकाने धरलाय, दुसरा ह्याने. आणखी काय झाकू?" सगळ्या हसल्या.

सिस्टर म्हणाली, नवऱ्याची चाचणी करून घ्या. तर दुसरी फणकारली, "आणि तो म्हणाला, तूच कुठे शेण खाल्लंस, तर?"

"तर म्हणावं, दोघं जाऊ. आधी माझी कर, मग तुझी."

"सिस्टर, तुमचं लग्न झालेलं दिसत नाही."

पुन्हा हसू. बबडीही हसली. तेव्हा हसली ती शेवटची.

मग सिस्टरने टेबलावरून गोळ्यांचं एक पाकीट उचलून दाखवलं. म्हणाली, ही रोज न चुकता घेतली की माणूस धडधाकट राहतो, आणि रक्तातला विषाणू दबला की बायकोलाही लागण होत नाही. पण पोटात जायला हवी. खिशात ठेवून उपयोग नाही.

पाकिटावर जाड निळा पट्टा होता. माझ्या मांडीवरची पोरं रडायला लागली. मी त्यांना घट्ट आवळलं असणार.

जावईबापू, लग्नात तुमच्या जाकिटाला आतून चोरखिसा लावून घेतलात, आठवतं? "प्रवासात बरा पडतो, आजोबा." मी हौसेने लावला, टाके दिसणार नाहीत असा. बाळ झाल्यावर आलात तेव्हा त्याच जाकिटाची चेन बिघडली होती. आमच्या धंद्याची रीत अशी, की मशीनखाली घेण्याआधी सगळे खिसे रिकामे करायचे आणि काम झालं की निघालेलं जिथल्या तिथे ठेवायचं. विचारायचं नाही. एकदा तर एका गृहस्थाची कवळी निघाली होती, तीही न बोलता परत ठेवली. तुमच्या चोरखिशातून निळ्या पट्ट्याचं पाकीट निघालं. डोकं दुखत असेल, पित्त असेल, असं म्हटलं आणि ठेवून दिलं. रीत पाळली.

पाकीट भरलेलं होतं. एकही गोळी काढलेली नव्हती.

पोटुशी असताना बबडीची चाचणी झाली होती, तेव्हा काही नव्हतं. दूध पाजणाऱ्यांची परत करतात, तशी त्या बुधवारी झाली. आता तिला लागण आहे.

तुला माहीत होतं. औषध हातात होतं. ते घेतलं असतंस तरी ती वाचली असती, आणि नुसतं तोंड उघडलं असतंस तरीही वाचली असती. जावयाला अरेतुरे करतो आहे, करू दे.

बाळाचा पहिला रिपोर्ट चांगला आला. पण एकावर भागत नाही, पुन्हा तपासायचं आहे. त्याला औषध सुरू केलंय. बबडी स्वतःची गोळी घड्याळ लावून घेते. सिस्टर म्हणते, अशीच घेत राहिली तर ती माझ्याएवढी म्हातारी होईल. मी तेवढंच धरून बसलोय.

तुला काय लिहू असं तिला विचारलं. बाळाचं झबलं घडी करत होती. घडी मोडली, परत घातली, मग म्हणाली, "लिहा, आधी सांगितलं असतं तर मी सोडून गेले नसते. आता येणार नाही."

तेव्हा न्यायला येऊ नकोस. आलास तर आधी दवाखान्यात जा आणि गोळ्या गीळ. तू मरावंस असं मला वाटत नाही. कधी कधी वाटतं, मग बाळ लवंडून हसतं.

येताना ते जाकीट आण. चोरखिसा मी लावला, मीच उसवीन.

वर आशीर्वाद लिहून बसलो आहे. खोडत नाही, पण आता परत लिहीत नाही.

तुझा कुणी नव्हे,
बबडीचा आजोबा